औषधी मशरूम वाढवताना गुण कसे जपायचे (नुसतं वजन बघू नका)

बियाणं तेच, जात तीच, तरी दोन जणांच्या मशरूममध्ये औषधी द्रव्यं वेगवेगळी भरतात. कारण मशरूमने काय खाल्लं, हवा किती मिळाली, उजेड होता का, काढलं कधी आणि वाळवलं कसं यावर सगळं ठरतं, आणि या सगळ्या गोष्टी आपल्या हातात असतात.

आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवा. शिताके आणि धिंगरी (ऑयस्टर) या मशरूममध्ये बघायचं ते बीटा-ग्लुकान (पेशीभित्तिकेतला एक तंतुमय पदार्थ), रेशी मशरूममध्ये त्याच्या जोडीला कडू ट्रायटर्पीन, कॉर्डिसेप्स मशरूममध्ये कॉर्डिसेपिन. लायन्स मेन मशरूमचं जरा वेगळं आहे, त्याची हेरिसेनोन नावाची द्रव्यं फळात (म्हणजे वर येणाऱ्या मशरूममध्ये) मिळतात आणि एरिनासिन नावाची मायसेलियममध्ये, म्हणजे पांढऱ्या धाग्यांत, त्यामुळे फळ घ्यायचं की धागे हे सुरुवातीलाच पक्कं करा.

मग ज्यावर मशरूम वाढतं ते काड किंवा भुसा. यात अजिबात काटकसर करू नका. मशरूम कॅडमियम, शिसं, पारा असले जड धातू खालच्या मालातून ओढून अंगात साठवतं, म्हणून हायवेच्या कडेचं, कारखान्याजवळचं किंवा जास्त फवारणी झालेलं काड स्वस्तात मिळालं तरी नको. आपण औषध म्हणून खाणार आणि पोटात शिसं जाणार, काय उपयोग! रेशीला कठीण लाकडाचा भुसा किंवा ओंडका लागतो, रंगवलेल्या फर्निचरचा किंवा प्लायवूडचा भुसा वापरू नका, धिंगरी मात्र भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर मस्त येते.

पिन (मशरूमचे अगदी बारीक कोंब) दिसायला लागले की हवेकडे लक्ष द्या, बहुतेक जण इथेच कमी पडतात. खोली बंद ठेवली की मशरूमने सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच साचतो आणि धिंगरीचे देठ लांबलचक, छत्र्या बारीक राहतात. रेशीत तर साधारण 0.1 टक्क्याच्या वर गेला की छत्रीच धरत नाही, नुसती हरणाच्या शिंगांसारखी वाढते. काही जण मुद्दाम शिंगं वाढवतात, पण ती शिंगं आणि छत्री यांच्यातल्या द्रव्यांचं प्रमाण एकसारखं नसतं, म्हणून दोन्ही एकाच डब्यात मिसळू नका. कॉर्डिसेप्सला 18 ते 22 अंश तापमान आणि रोज उजेड द्या, अंधारात तो फिकट राहतो, उजेड मिळाला की केशरी होतो.

काढणीची वेळ डोळ्याने ठरवा. रेशीच्या कडेची पांढरी किनार जाऊन ती तपकिरी झाली म्हणजे वाढ थांबली, तेव्हा काढा. धिंगरी कडा वर वळायच्या आत. शिताके काढल्यावर गरम खोलीत ठेवलं की त्याचीच एन्झाइम्स लेंटिनान (शिताकेतलं बीटा-ग्लुकान) तोडायला लागतात, म्हणून लगेच फ्रिजमध्ये टाका नाहीतर वाळवायला घ्या. (जपानमध्ये 1985 साली लेंटिनानला पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत द्यायला मान्यता मिळाली, पण ते शुद्ध केलेलं इंजेक्शन होतं, शिताकेची भाजी खाणं आणि ते एक नव्हे.)

वाळवायच्या आधी एक काम नक्की करा, ताज्या मशरूमच्या चकत्या करून किंवा छत्रीखालच्या पाकळ्या वर करून भर दुपारच्या उन्हात ठेवा. मशरूममधल्या एर्गोस्टेरॉलचं उन्हातल्या यूव्ही-बी किरणांमुळे व्हिटॅमिन डी2 होतं, आणि 15 मिनिटं ते 2 तासांत 100 ग्रॅम ताज्या मशरूममध्ये बहुतेक वेळा 10 मायक्रोग्रॅमच्या वर तयार होतं. काचेच्या खिडकीआड ठेवलं तर फायदा नाही, काच हे किरण अडवते. नंतर 50-60 अंशावर चकती कडकन मोडेपर्यंत सुकवा आणि हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा.

वापरताना बीटा-ग्लुकान गरम पाण्यात उकळून उतरतं, रेशीची ट्रायटर्पीन अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रेशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

पावडर विकत घेणार असाल, किंवा धान्यावर वाढवलेले धागे दळले असतील, तर चिमूटभर पावडर पाण्यात उकळा, पूर्ण गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं तर त्यात धान्याचा स्टार्च आहे, म्हणजे मशरूमच्या नावाखाली बरंचसं धान्यच पोटात जातंय, कारण मशरूममध्ये स्वतःचा स्टार्च नसतो.