ओबी डंपची धूप मोजताना या चुका टाळा

वणी, चंद्रपूर, उमरेडकडे कोळसा खाणींचे ओबी डंप (कोळशावरची माती-दगड काढून रचलेले ढिगारे) माती पसरून, झाडं लावून हिरवे केले जातात. तरीही आषाढात पायथ्याच्या कपाशीत गढूळ पाणी शिरतं. धूप मोजलेली असते, पण चुकीची.

झाडं बघून निकाल. सुबाभळीची सावली दाट असली तरी खालची जमीन उघडी असू शकते. पानांवर साचलेले मोठे थेंब तिथली माती उडवतात. म्हणून जमिनीलगतचं गवत, पाचोळा आणि दगड मोजा. ५० मीटरचा टेप पसरा आणि दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहा. १०० पैकी ३०-४० ठिकाणी उघडी माती दिसली, तर गवत कमी पडलंय.

ओल्या मातीत सळई वाचणं. (सळई जमिनीत ठोकून तिचा उघडा भाग मोजतात; तो वाढला की माती गेली.) ही चूक सगळ्यांत महागात पडते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की बसते. मे महिन्यात घेतलेलं माप ऑगस्टच्या मापाशी जुळवाल, तर हिशेब फसलाच. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर माती. घनता १.५ धरली तर १५ टन. २ मिलिमीटरची चूक झाली की ३० टन कागदावरच वाहून जातात किंवा लपतात. कोरड्याची तुलना कोरड्याशीच करा. १० मिलिमीटर जाडीची, ६० सेंटिमीटर लांब सळई दोन तृतीयांश आत ठोका. माप दोन्ही बाजूंनी घ्या, कारण वरच्या बाजूला गाळ अडतो आणि खालची बाजू खरवडते. जवळ जाताना खालून जा, पावलांनी माती ढासळते. ड्रोनच्या नकाशात नव्या डंपचं खचणंही धूप म्हणून दिसतं, हे विसरू नका.

विहिरीच्या पाण्यात ढेकूळ-चाचणी. आपल्याकडच्या विहिरींच्या जड पाण्यातले क्षार माती विरघळू देत नाहीत, म्हणून वाईट मातीही चांगली वाटते. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायला मिळतं ते शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी वापरा, आम्ल नव्हे. त्यात बोराएवढं ढेकूळ सोडा, ढवळू नका. १० मिनिटांत भोवती ढगासारखा गढूळपणा पसरला, तर त्या उतारात आतून भुयारं पडू शकतात. तिथे गवताआधी जिप्सम लागतं.

शेतीचं सूत्र जसंच्या तसं. धुपीचं प्रसिद्ध सूत्र (यूएसएलई) मुख्यतः १८ टक्क्यांपर्यंतच्या शेतउतारांवर बेतलेलं आहे. २८ अंशांचा डंप म्हणजे ५३ टक्के उतार! उत्तराचा उपयोग डंपांची आपसात तुलना करण्यापुरताच.

दुसऱ्या दिवशी बाटली भरणं. तोवर पाणी नितळलेलं असतं. नाला चढत असतानाच दर १०-१५ मिनिटांनी एक लिटर घ्या आणि पाण्याची खोलीही नोंदवा. कोळसा खाणींसाठी तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे, सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं असेल तर २००.

आणि डंपवरून येणारा गाळ अडवणारा गाळतलाव उपसण्याआधी खुणा केलेल्या बांबूने निदान दहा ठिकाणी गाळाची खोली घ्या. न मोजता उपसलात, तर वर्षभराची नोंद टिप्परमध्ये भरून गेली. बारीक चिकणमाती या तलावात थांबत नाही, म्हणून आलेला आकडा खऱ्या धुपीपेक्षा कमीच समजा.