एकट्याने दीपगृहं बघत किनारा फिरताय? या चुका टाळा

किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने गाडी चालवत दीपगृहं बघत जाणं हा प्रवासातला फार मोठा आनंद आहे. तो बिघडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. सगळं नियोजन रस्त्याच्या हिशेबाने झालेलं असतं आणि समुद्राचा हिशेब धरायचा राहून जातो. किलोमीटर, मुक्काम, पेट्रोल पंप सगळं लिहिलेलं असतं. भरती किती वाजता, वारा कसा, दीपगृहाचं दार कधी उघडतं, हे मात्र तिथे पोचल्यावर कळतं. म्हणून आधी समुद्राच्या वेळा लिहा आणि मग त्यांत गाडीच्या वेळा बसवा.

नकाशावर ठिपका दिसला की यादीत घालणं

बरीचशी नामांकित दीपगृहं रस्त्यावर नाहीतच. स्कॉटलंडचं बेल रॉक १८११ पासून उभं आहे, पण किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत समुद्रात, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या खडकावर. दिव्याचा प्रकाश एकवटून दूरवर पाठवणारं फ्रेनेलचं भिंग १८२३ मध्ये पहिल्यांदा जिथे बसलं, त्या फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहाला होडीनेच जावं लागतं, तेही ओहोटी बघून. उलट अमेरिकेत मेन राज्यातलं १७९१ चं पोर्टलंड हेड अगदी गाडीरस्त्यावर आहे, आवारात मनसोक्त फिरता येतं, पण मनोरा एरवी बंदच असतो.

तेव्हा प्रत्येक ठिकाणासाठी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. रस्ता दारापर्यंत जातो का? आवारात सोडतात का? वर चढू देतात का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून बाकीची दोन गृहीत धरू नका. जोराचा वारा किंवा विजा असतील तर एरवी उघडा असणारा मनोराही बंद ठेवतात, त्यामुळे निघायच्या सकाळी एक फोन करावाच.

दार बंद मिळालं तरी फेरी वाया गेली असं समजू नका. शेजारच्या भूशिरावरून पुष्कळदा जास्त चांगलं दिसतं. फक्त कड्याच्या टोकाशी जाऊ नका. इंग्लंडमधलं बीची हेड दीपगृह ४३ मीटर उंच आहे आणि ते १६२ मीटरच्या खडूच्या कड्याच्या पायथ्याशी, समुद्रात उभं आहे. वरून ते खेळण्याएवढं दिसतं आणि माणूस नकळत पुढे पुढे सरकतो. हा कडा खालून पोखरला जातो आणि कधीही ढासळतो. त्याच कड्यावरचं जुनं बेल टू दीपगृह १९९९ मध्ये अख्खंच्या अख्खं १७ मीटर मागे सरकवावं लागलं.

अंतर सरळ रेषेत मोजणं

खाडीच्या या तोंडावरून त्या तोंडावरचं दीपगृह स्पष्ट दिसतं, रस्ता मात्र सगळ्या खाडीला वळसा घालून जातो. शिवाय मुख्य रस्ता सोडून आत शिरावं लागतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियात केप ऑटवेसाठी ग्रेट ओशन रोड सोडून दहा-बारा किलोमीटर आत जावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं. दिवसाला दोन दीपगृहं पुरे, फार तर तीन. पाच करणाऱ्याला फक्त पाच पार्किंग आठवतात.

भरतीचं वेळापत्रक न बघणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ओहोटीला कोरडा दिसणारा रस्ता भरतीला पूर्ण बुडतो, अशा बेटांवर कितीतरी दीपगृहं आहेत. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं सेंट मेरीज हे त्यातलंच एक. तिथे जाताना रस्ता असतो आणि येताना पाणी.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. काल जमलं ते आज त्याच वेळी जमेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी. आणि पाणी एका वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढणीत मधल्या दोन तासांत जवळजवळ अर्धं पाणी भरतं. त्यामुळे ‘अजून तर घोट्यापर्यंतच आहे’ हा अंदाज अर्ध्या तासात खोटा ठरतो.

वेळापत्रक त्याच बंदराचं घ्या, शेजारच्या शहराचं नको. जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, तिथे छापील वेळा कधीकधी मूळ वेळेनुसारच दिलेल्या असतात. एक तास मिळवायचा का, ते तपासा.

अडकलातच तर बेटावरच थांबा. उंच जागी जा, फोन लागत असेल तर तटरक्षकांना कळवा आणि पाणी उतरायची वाट बघा. पाच-सहा तास थंडीत काढणं त्रासाचं असलं तरी त्यातून माणूस सुखरूप परत येतो. वाहत्या पाण्यात गाडी घालणं किंवा चालत निघणं, दोन्ही नको.

काळ्या खडकावर फोटोसाठी उतरणं

कॅनडातल्या पेगीज कोव्हला पाट्याच लावल्या आहेत: काळ्या खडकांवर जाऊ नका. खडक काळा दिसतो कारण लाटा तिथवर येतात. तो ओला आणि निसरडा असतो, आणि समुद्र शांत वाटत असतानाही एखादी मोठी लाट एकदम वर येते. कुठल्याही किनाऱ्यावर हाच नियम धरा. खाली उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लाटा नुसत्या बघा, सगळ्यांत मोठी कुठवर पोचते ते लक्षात ठेवा आणि त्याच्याही बरंच मागे राहा. समुद्राकडे पाठ करून सेल्फी तर मुळीच नको. सोबत कुणी असेल तर ओरडून सावध करील. इथे ते माणूसच नाही.

वाळूत गाडी घालणं

चाक रुतलं की पहिली इच्छा ॲक्सिलरेटर दाबायची होते आणि त्यानेच गाडी पोटापर्यंत बसते. लगेच थांबा. खाली उतरून चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरमधली हवा कमी करा (३०-३५ पीएसआय असेल तर १८-२० पर्यंत), चाकांखाली गाडीतल्या मॅट घाला आणि हलक्या पायाने, स्टिअरिंग सरळ ठेवून बाहेर या. पक्क्या रस्त्यावर आलात की हवा भरेपर्यंत अगदी सावकाश चालवा. याचा अर्थ हवेचा छोटा पंप गाडीत हवाच.

काचेवरचं मीठ आणि धुकं

समुद्राच्या फवाऱ्याने काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. दुपारी तो जाणवत नाही. संध्याकाळी सूर्य समोर आला की सगळी काच पांढरी होते आणि कोरडा वायपर फिरवला तर मीठ आणखी पसरतं. आधी भरपूर पाणी ओता, मग वायपर. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा, अपरचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांतच येतो. धुक्याचा भोंगा असलेल्या ठिकाणी त्याच्या अगदी जवळ उभं राहू नका. तो आपोआप सुरू होतो आणि कान बधिर करतो.

अंधार पडायच्या आत निघून जाणं

याचं मला खरोखर वाईट वाटतं. माणसं दिवसभर मनोरा बघतात आणि त्याचं काम सुरू व्हायच्या वेळी हॉटेलवर गेलेली असतात. प्रत्येक दीपगृहाची स्वतःची खूण असते. अमेरिकेतलं केप हॅटेरस दर ७.५ सेकंदांनी एकदा चमकतं. स्पेनमधलं रोमन काळातलं टॉवर ऑफ हर्क्युलिस दर २० सेकंदांना चार झोतांचा एक गट दाखवतं. हीच खूण ओळखून खलाशी आपण कुठे आहोत ते ठरवतात. मोजून बघा: गटातल्या पहिल्या झोताला स्टॉपवॉच सुरू करा, पुढच्या गटाच्या पहिल्या झोताला थांबवा. चार-पाच गट सलग मोजून भागाकार केला की आकडा पक्का येतो. आकाशात फिरणारा पट्टा दिसला नाही तर दिवा बिघडलाय असं नाही. हवा कोरडी, स्वच्छ असली की पट्टा दिसत नाही, आणि नव्या एलईडी दिव्यांपैकी बरेचसे फिरतच नाहीत, जागच्या जागी लागतात-विझतात.

त्यासाठी मुक्कामच दीपगृह दिसेल असा निवडा, म्हणजे रात्री अनोळखी घाटरस्त्यावर गाडी चालवावी लागणार नाही. बसायची जागा उजेडात बघून ठेवा आणि टॉर्चचा झोत समुद्राकडे मारू नका.

कुणालाच न सांगता निघणं

घरच्या एका माणसाला रोज सकाळी गाडीचा नंबर, आजची दीपगृहं आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर या नंबरवर कळव’ एवढं लिहून पाठवा. भूशिरावर नेटवर्क जातं, म्हणून मेसेज मुख्य रस्ता सोडण्याआधी टाका आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गाडीची दुसरी किल्ली बॅगेत नको, अंगावर हवी. बॅग गाडीतच राहते आणि किल्लीही. डोळे मिटायला लागले तर खिडकी उघडून, गाणी लावून भागत नाही. सुरक्षित जागी गाडी लावा, वीस मिनिटं झोपा आणि एखादं दीपगृह यादीतून काढून टाका.