थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ट्यूब शांतपणे कशी काढावी

भूल उतरताना रुग्णाला थोडा खोकला आला, तर बहुतेक शस्त्रक्रियांत फारसे बिघडत नाही. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत मात्र खोकल्यासरशी मानेतील शिरांमधला दाब वाढतो, बांधलेली एखादी रक्तवाहिनी सुटू शकते आणि आत साचणारे रक्त श्वासमार्गच दाबू शकते. भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांसाठी इथे मांडलेली, श्वासनलिकेत घातलेली ट्यूब काढण्याची पद्धत श्वासमार्ग अवघड नसलेल्या प्रौढ रुग्णाची आहे.

टाके घालायला सुरुवात होते तेव्हाच पहिला प्रश्न विचारावा : ही ट्यूब आज काढायची आहे ना? गाठ मोठी आणि जुनी असेल, ट्यूब घालताना त्रास झाला असेल किंवा कफ (ट्यूबच्या टोकाभोवतीचा हवेचा फुगा) रिकामा करूनही ट्यूबच्या बाजूने हवा निसटत नसेल, तर घाई करू नये आणि वरिष्ठांना आधीच बोलावून घ्यावे. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१२ मध्ये आणि आपल्याकडील ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये ट्यूब काढण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली, कारण ट्यूब घालण्याची योजना सगळेच करतात, काढण्याची फार थोडे.

त्यानंतर स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा हिशेब करावा. पाच सेकंद डोके उचलता आले म्हणजे शक्ती पूर्ण परतली असे नाही. मोजणारा मॉनिटर लावून ट्रेन-ऑफ-फोरचे गुणोत्तर (मज्जातंतूला विजेचे चार धक्के दिल्यावर स्नायूच्या चौथ्या झटक्याचे पहिल्याशी प्रमाण) ०.९ किंवा अधिक असल्याची खात्री करावी. चारही झटके दिसू लागल्यावर, शिथिलता उतरवण्यासाठी निओस्टिग्मिन किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत, ग्लायकोपायरोलेटसह द्यावे आणि त्याला निदान दहा मिनिटे द्यावीत. शिथिल करण्यासाठी रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम वापरले असेल आणि दोन झटके परतले असतील, तर शिथिलता उतरवायला सुगामाडेक्स किलोमागे २ मिलिग्रॅम पुरते. अट्राक्युरियमवर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही.

घसा साफ करणे, ड्रेसिंग करणे, मानेखालचा आधार काढणे ही सारी कामे भूल गाढ असतानाच उरकावीत. सक्शन (स्राव ओढून घेणे) लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात पाहण्याच्या उपकरणाने, पाहून करावे, कारण मऊ टाळूच्या मागे लपलेली रक्ताची गुठळी आंधळ्या सक्शनला सापडत नाही. खोकला दाबण्यासाठी रेमिफेंटानिल हाताशी असल्यास त्याचे अल्प मात्रेतील इन्फ्युजन चालू ठेवावे; नसल्यास डेक्समेडेटोमिडिन किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम दहा मिनिटांत, नाडी मंदावते का याकडे लक्ष ठेवून द्यावे, किंवा लिग्नोकेन किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम ट्यूब काढण्याच्या थोडे आधी शिरेतून द्यावे. सर्जनने जखमेत बधिरतेचे औषध टोचले असेल, तर तेही एकूण मात्रेत धरावे.

मग डोक्याकडची बाजू उचलावी, दाढांमध्ये गॉजची घट्ट गुंडाळी ठेवावी, भुलेचा वायू बंद करून १०० टक्के ऑक्सिजन सुरू करावा आणि हात मागे घ्यावेत. सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. गाढ भूल आणि पूर्ण जाग यांच्यामधल्या टप्प्यात श्वास अनियमित होतो, नजर भरकटते आणि स्वरयंत्र क्षुल्लक स्पर्शानेही मिटू शकते. नेमके तेव्हाच कोणी ट्यूब हलवते, कोणी छाती चोळते आणि चारजण एका सुरात ‘डोळे उघडा, तोंड उघडा’ म्हणून ओरडतात. त्या वेळी खोलीत एकच आवाज असावा, तोही हळू, रुग्णाला नावाने हाक मारणारा.

सांगितल्यावर रुग्णाने डोळे उघडले, सूचना पाळली आणि श्वास नियमित व पुरेसा खोल असला, म्हणजे कफ सिरिंजने पूर्ण रिकामा करावा, श्वास आत जात असतानाच्या शेवटी बॅग हलकेच दाबावी आणि ट्यूब तिच्या वळणाने बाहेर घ्यावी, म्हणजे पहिला श्वास बाहेर येताना स्राव ढकलून आणतो. लगेच मास्कने ऑक्सिजन देऊन श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवरची लाट पाहावी.

रुग्णाने ट्यूब दातांत धरली, तर ओढू नये. कफ रिकामा केल्यास बाजूने हवा जाते आणि बंद नळीतून जोराने श्वास ओढल्यामुळे फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका घटतो. स्वरयंत्र आकडले, तर मास्क घट्ट धरून दाबासह ऑक्सिजन द्यावा, कानाच्या पाळीमागच्या खाचेत दोन्ही बाजूंनी दाबत जबडा पुढे ओढावा, मग प्रोपोफॉलची लहान मात्रा द्यावी, आणि तरीही न सुटल्यास स्नायू झटपट शिथिल करणारे सक्सामेथोनियम किलोमागे १ मिलिग्रॅम. ही औषधे आधीच भरून ठेवलेली असावीत.

भूल गाढ असतानाच ट्यूब काढण्याचा मोह मानेच्या शस्त्रक्रियेत होतोच. तसे केल्यास खोकला कमी होतो, पण श्वासमार्ग असुरक्षित राहतो; म्हणून पोट भरलेला, स्थूल किंवा मास्कने श्वास देणे अवघड गेलेला रुग्ण यासाठी निवडू नये.

रिकव्हरीत आवाज बसणे, श्वास घेताना घरघर आणि मानेचा वाढता घेर यांकडे लक्ष ठेवावे. सूज वाढून श्वास अडू लागला, तर थिएटर मोकळे होण्याची वाट न पाहता तिथेच टाके कापून त्वचा आणि स्नायूंचे थर उघडावे लागतात, म्हणून निर्जंतुक कात्रीचा संच रुग्णाच्या ट्रॉलीवरूनच वॉर्डात न्यावा.