ब्रीफमध्ये उपाय नको, अडचण लिहा

मी जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर लिहिते. काम सांगायला तुमच्यासारखे क्लायंट एजन्सीला जो कागद लिहून देतात तो ब्रीफ. माझ्यापर्यंत येणारे निम्मे ब्रीफ ‘एक मस्त व्हिडिओ हवाय’ इथून सुरू होतात. व्हिडिओच का, असं विचारलं की म्हणतात, ‘सध्या सगळेच करतायत.’ ब्रीफ लिहायला बसाल तेव्हा काय बनवायचंय ते जरा बाजूला ठेवा आणि काय अडलंय ते लिहा. ‘लोक ॲप डाउनलोड करतात, पण पहिली ऑर्डर द्यायच्या आधीच निघून जातात’, एवढं कळलं तरी आम्ही कामाला लागतो. कदाचित व्हिडिओ लागणारही नाही, नोंदणीच्या स्क्रीनवरच्या चार ओळी बदलून भागेल. (आमच्याकडे क्लायंट सांभाळणाऱ्या अकाउंट्सवाल्यांना हे मी बोलले असं सांगू नका.)

ग्राहक कोण, या रकान्यात ‘18 ते 45, शहरी, महत्त्वाकांक्षी’ असं लिहू नका. त्यात कॉलेजातली मुलगीही बसते आणि तिची आईही. त्यापेक्षा तो माणूस सध्या काय वापरतो आणि तुमच्याकडे का वळत नाही, ते सांगा. हे मार्केटिंगपेक्षा विक्रीवाल्यांना जास्त ठाऊक असतं. ग्राहक तक्रार करताना जे शब्द वापरतो ते त्यांच्याकडून मिळवा आणि न सजवता ब्रीफमध्ये टाका. माझ्या कित्येक हेडलाइन्स तिथूनच आल्यात.

मग सांगायची गोष्ट. एकच. तीस सेकंदांच्या जाहिरातीत नीट, न धापा टाकता बोलायचं तर साठेक शब्द बसतात. त्यात पाच फायदे कोंबले तर ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. आणि ‘दुप्पट टिकतं’ म्हणायचं असेल तर कशाच्या दुप्पट, चाचणी कुणी केली, तो कागदही सोबत जोडा.

आता सगळ्यात जास्त भानगडी जिथे होतात तो भाग: शेवटचा होकार कुणाचा? ते नाव ब्रीफवर हवं, आणि त्या व्यक्तीने ब्रीफ काम सुरू होण्याआधी वाचलेला हवा. नाहीतर तीन आठवडे मार्केटिंगची टीम खूश असते आणि छपाईच्या आदल्या दिवशी मोठे साहेब विचारतात, ‘पण आपण हे का करतोय?’ प्रश्न रास्तच असतो, फक्त उशिरा येतो. बदलांच्या किती फेऱ्या, तेही आधीच ठरवा. चौघांचे अभिप्राय चार मेलमधून पाठवू नका. तुमच्यातले मतभेद तुमच्याकडेच मिटवून एकच यादी द्या. त्या यादीत ‘लोगो मोठा करा’ऐवजी ‘जाहिरात कुणाची ते कळत नाही’ असं लिहिलंत तर डिझायनर दुवा देईल.

बजेट लपवू नका. आकडा माहीत नसला की आम्ही ड्रोनची स्वप्नं बघतो.

बाकीचं किरकोळ, पण अडतं तिथेच. लोगोची व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, द्या, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला जेपीजी नको. मराठी मजकूर युनिकोडमध्ये द्या, म्हणजे तो कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट वाचता येतो. काम छापायचंय की मोबाईलवर दिसायचंय ते सांगा, कारण छपाईला सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) रंग आणि चारी कडांना साधारण 3 मिमी ब्लीड (कागद कापताना जाणारी जादा छपाई) लागतं, तर उभ्या व्हिडिओचं माप 1080 बाय 1920 पिक्सेल असतं.

हे सगळं दोन पानांत बसवा. ब्रीफ पाठवल्यावर एजन्सीला सांगा, ‘तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा.’ आलेलं उत्तर तुमच्या ब्रीफशेजारी ठेवून वाचा. जिथे जुळत नसेल तिथे फोन करा, आणि ते जुळेपर्यंत पहिलं डिझाइन मागू नका.