लिंबू-मोसंबीचा आइस्ड टी घरी कसा करावा

आइस्ड टी बिघडतो तो बहुतेक वेळा गॅसवरच. आपल्याकडे चहा म्हणजे उकळलेला. पूड टाकायची, दोन उकळ्या आणायच्या, दूध घालून पुन्हा वर येऊ द्यायचा. अमृततुल्यवाल्यांची सगळी मदार त्या उकळण्यावर असते आणि दुधाच्या चहाला ते शोभतंही, कारण चहातला तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. गार चहात दूध नसतं. तुरटपणाला अडवायला कुणी नाही, आणि वर लिंबाचा आंबटपणा आला की तोच तुरटपणा जिभेवर आणखी बोचतो. म्हणून या पेयापुरती सवय मोडायची: पाणी उकळायचं, चहा उकळायचा नाही.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. चहा, पाक आणि फळांचा रस हे तिन्ही वेगवेगळे तयार करायचे आणि ते गार झाल्यावर, प्यायच्या वेळी एकत्र आणायचे. सगळं एका पातेल्यात घालून रटारटा उकळलं तर लिंबाचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो.

पाच ग्लासांसाठी काय लागेल

पाणी 500 मिली चहासाठी आणि 250 मिली गार, नंतर मिसळायला. पानाचा चहा 12 ग्रॅम, किंवा रोजची दाणेदार पूड 8 ग्रॅम (सपाट तीन छोटे चमचे). साखर 100 ग्रॅम. रसाळ कागदी लिंबं चार, मध्यम मोसंबी दोन. चिमूटभर मीठ. पुदिन्याची आठ-दहा पानं. बर्फाचे दोन ट्रे. एवढ्यातून, बर्फ न धरता, साधारण 200 मिलीचे पाच ग्लास निघतात.

चहा पानाचा मिळाला तर उत्तम, त्यातही दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला. निलगिरीचा चहा गार झाल्यावरही बऱ्यापैकी नितळ राहतो, म्हणून आइस्ड टीसाठी त्याला मान आहे. दाणेदार पुडीत पानं चुरून, फाडून, वळवलेली असतात. त्यामुळे रंग आणि तुरटपणा दोन्ही झपाट्याने उतरतात. ती चालत नाही असं अजिबात नाही, फक्त वेळ निम्मी करावी लागते. वेलची-आलं आधीच मिसळलेली मसाला चहाची पूड मात्र इथे नको. मोसंबीचा नाजूक वास तिच्यापुढे टिकत नाही.

पाणी

साताऱ्याच्या माण-खटावकडे किंवा सांगलीच्या जत-आटपाडीकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हा भाग सोडून पुढे जाऊ नये. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातला चहा काळपट दिसतो, चवीला मंद लागतो आणि गार होताना त्यावर पातळ तवंग धरतो. ग्लास तिरका केला की हा तवंग बारीक भेगा पडून फुटतो आणि काचेला तपकिरी कड सोडतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्यं एकत्र येऊन तो बनतो.

भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे असं समजा. असं पाणी आधी पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकून गार होऊ द्या, तळाचा साका न हलवता वरचं पाणी ओतून घ्या आणि चहासाठी तेच पुन्हा गरम करा. क्षारांचा एक भाग तळाशी बसून जातो. घरी फिल्टरचं आरओ पाणी असेल तर हा खटाटोप नको.

भांडं स्टीलचं घ्या. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं किंवा कल्हई नसलेलं पितळ आंबट पदार्थाला चालत नाही, धातूची चव उतरते.

चहा

500 मिली पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा. मग चहा घाला, एकदा हलवा आणि झाकण ठेवा. पानाचा चहा चार मिनिटं, दाणेदार पूड दोन मिनिटं. घड्याळ लावून ठेवा. इथे अंदाज चालत नाही, कारण दाणेदार पूड दोनाच्या ऐवजी पाच मिनिटं राहिली की गार झाल्यावर घशाला ओढणारा चहा तयार होतो. चहा फिका वाटला तर वेळ वाढवू नका, पुढच्या वेळी पूड वाढवा. हे एकच सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

वेळ झाली की लगेच गाळा. गाळणीवरचा चोथा चमच्याने दाबायचा नाही, रोजच्या चहाला तसा हात आपोआप जातो. दाबल्यावर जो शेवटचा घोट निघतो त्यात सगळ्यात जास्त तुरटपणा आणि बारीक गाळ असतो.

गाळलेला चहा उघडाच ओट्यावर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकून फ्रीजमध्ये. गरम चहा एकदम फ्रीजमध्ये ठेवला तर तो गढुळतो. काचेच्या बाटलीत कढत चहा ओतू नका, बाटली तडकते.

अंगणात किंवा कुंडीत गवती चहा असेल, आणि तो सातारा-सांगलीकडे कितीतरी घरी असतो, तर दोन-तीन पाती धुऊन, गाठ मारून चहाबरोबरच त्या गरम पाण्यात सोडा. गवती चहातला वास ज्या सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे येतो ते लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून या दोघांची जोडी इतकी जमते. उन्हाळ्यात लिंबू महागलं की गवती चहाच्या जोरावर एक लिंबू कमी घातलं तरी वास भरलेला राहतो.

पाक, पण न उकळलेला

गार चहात साखर टाकून ढवळत बसलं तर अर्धी साखर तळाशीच राहते. म्हणून पाक हवा. तो लाडवांचा एकतारी पाक नव्हे, साखर फक्त विरघळलेली पुरे. आणि खरा वास याच पायरीवर मिळवता येतो, तो असा.

लिंबं आणि मोसंबी कोमट पाण्यात चोळून धुऊन कोरडी करा. किसणीच्या बारीक बाजूवर एका लिंबाची आणि अर्ध्या मोसंबीची फक्त वरची रंगीत साल किसा. खालचा पांढरा भाग दिसू लागला की थांबा, कडूपणा तिथे आहे. हा कीस 100 ग्रॅम साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळा. मिनिटभरात साखर ओलसर होते, पिवळसर दिसते आणि हाताला तेलकट लागते. सालीतल्या सुगंधी तेलाच्या पिशव्या साखरेच्या कणांनी फुटून तेल साखरेत उतरतं. वाटी अर्धा तास झाकून ठेवा. मग 100 मिली गरम पाणी ओतून साखर विरघळेपर्यंत ढवळा आणि गाळून घ्या. गॅसवर ठेवायचं नाही. तेल उडून जातं. साधारण 160 मिली पाक मिळतो. फ्रीजमध्ये स्वच्छ बाटलीत तो दोन आठवडे चांगला राहतो.

साखरेऐवजी गूळ घ्यावासा वाटणं या भागात साहजिक आहे. सांगलीचं मार्केट यार्ड गुळासाठी नावाजलेलं, आणि गुळाचा चहा लोकांच्या अंगवळणी पडलेला. गूळ घ्यायचा तर 120 ग्रॅम किसून 100 मिली गरम पाण्यात विरघळवा आणि स्वच्छ फडक्यातून गाळा. पेय गढूळ आणि गडद दिसेल, त्याला इलाज नाही. गुळाची स्वतःची चव दणकट असल्यामुळे मोसंबी त्यात हरवते. तेव्हा गुळाबरोबर मोसंबी वगळा, लिंबू आणि आल्याचा चमचाभर रस घ्या.

रस

लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवलं की आतल्या पाकळ्या सुटतात आणि रस जास्त निघतो. चार लिंबांचा मिळून 50 मिलीच्या आसपास रस हवा. आकार आणि रस दर लिंबाला वेगळा, म्हणून लिंबं मोजण्यापेक्षा रस मोजा.

मोसंबीच्या बाबतीत घाई आणि उशीर दोन्ही बाधतात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवली तर रस तिथेच कडवट होतो. हाताने पिळून किंवा रसयंत्रावर काढला तरी तो तासा-दोन तासांत कडू व्हायला लागतो. मोसंबीच्या पडद्यांत आणि बियांत असलेलं एक बेचव द्रव्य रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात बदलतं. सकाळी काढून ठेवलेला रस दुपारी कडू लागतो तो यामुळे, फळ खराब म्हणून नव्हे. तेव्हा मोसंबी प्यायच्या आधी पिळा, 100 मिली रस गाळून लगेच वापरा. फेब्रुवारी-मार्चात नागपुरी संत्री बाजारात असतात, तेव्हा मोसंबीऐवजी संत्र्याचा रसही छान लागतो. मात्र तो गोड असल्याने पाक थोडा कमी करा.

एकत्र करताना

मोठ्या भांड्यात गार चहा, 250 मिली गार पाणी आणि 80 मिली पाक घाला. चिमूटभर मीठ टाका; खारट लागू नये इतकंच, त्याने उरलासुरला कडवटपणा दबतो. मग लिंबाचा रस घाला. इथे एक पाहण्यासारखी गोष्ट घडते: विटकरी तपकिरी चहा बघता बघता मधाच्या रंगाचा होतो. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात. चहा पातळ झाला असा याचा अर्थ नाही, तेव्हा रंग पाहून आणखी चहा ओतू नका. शेवटी मोसंबीचा रस.

चव घ्या ती बर्फ घालण्याआधी, आणि किंचित जास्त गोड-आंबट वाटली पाहिजे. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते, शिवाय बर्फ वितळून पाणी वाढतं. 80 मिली पाकात साधारण 50 ग्रॅम साखर जाते, म्हणजे ग्लासामागे दोन छोटे चमचे. कमी हवी असेल त्यांनी 50 मिलीपासून सुरुवात करावी.

ग्लास बर्फाने गच्च भरा. दोनच खडे टाकले तर ते पटकन विरघळतात आणि पेय गार होण्याआधी पातळ होतं. भरपूर बर्फ असला की पेय लगेच गार होतं आणि बर्फ टिकतो. पुदिन्याची पानं तळहातावर ठेवून एकदा टाळी द्या आणि वर टाका. कुटली तर गवतासारखा वास येतो.

बर्फ घरचाच, पिण्याच्या पाण्याचा. बाजारातल्या लादीचा बर्फ पिण्यासाठी बनवलेला असेलच असं नाही. पाहुणे जास्त असतील तर आदल्या दिवशी थोडा चहाच ट्रेमध्ये गोठवून ठेवा, म्हणजे तो वितळला तरी पेय पातळ होत नाही. द्राक्षांच्या हंगामात तासगावची बिनबियांची द्राक्षं धुऊन, पुसून, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बर्फाच्या जागी मूठभर टाका. पाणी अजिबात सुटत नाही आणि शेवटी खायलाही मिळतात. लहान मुलांना ती उभी चिरून, चार फोडी करून द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं.

बिघडलं तर

चहा गढूळ झाला: चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं गारव्यात एकमेकांना चिकटतात, त्याची ही साय. चवीत फारसा फरक पडत नाही. नितळ हवाच असेल तर त्यात अर्धी वाटी उकळतं पाणी घालून हलवा, बराचसा निवळतो. ते पाणी नंतरच्या 250 मिलीतून वजा करा.

तुरट झाला: पाक वाढवून तो झाकला जात नाही, नुसता गोड-तुरट होतो. गार पाणी वाढवा, मिठाची आणखी एक चिमूट टाका, आणि फार झाला असेल तर टाकून पुन्हा करा. दहा मिनिटांचं तर काम आहे.

भांड्यात सोडलेल्या लिंबाच्या चकत्यांनी कडू झाला: चकत्या शोभेला ग्लासात घाला, साठवायच्या भांड्यात नको.

रात्री लावून सकाळी तयार

गॅसला हात न लावता करायची पद्धत याहून सोपी आहे आणि तुरटपणाची भीती असणाऱ्यांनी तीच धरावी. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, 12 ग्रॅम पानाचा चहा, झाकणाच्या भांड्यात घालून फ्रीजमध्ये आठ तास. सकाळी गाळा. गार पाण्यात तुरट द्रव्यं कमी उतरतात, त्यामुळे चहा मऊ लागतो आणि सहसा गढुळत नाही. हा चहा आधीच पुरेसा पातळ असतो, नंतरचं 250 मिली पाणी यात घालायचं नाही.

भांडं गच्चीवर उन्हात ठेवून चहा उतरवायची पद्धत मात्र टाळा. ऊन कितीही कडक असलं तरी पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, तासन्‌तास कोमट राहतं, आणि जंतूंना तेच हवं असतं.

मोसंबी नको आणि काम झटपट हवं असेल तर एक भाग गार कडक चहा आणि एक भाग नेहमीचं लिंबू सरबत एकत्र करा. अमेरिकेत या मिश्रणाला अर्नॉल्ड पामर या गोल्फपटूचं नाव आहे. सरबतात वेलची घालायची आपली सवय इथे आवरती घ्या.

तयार चहा फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो, रस मिसळलेला मात्र तासा-दोन तासांत संपवावा. जेवणासोबत देऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. मध्ये तासभर जाऊ द्या. लहान मुलांसाठी चहाचं प्रमाण निम्मं करून त्या जागी गार पाणी आणि मोसंबीचा रस वाढवा, आणि संध्याकाळनंतर त्यांना देऊ नका.