मुंबई बघायला येताय? बॅग नंतर भरा, आधी वार बघा

नागपूर, नांदेड, कोल्हापूरकडून मुंबई बघायला येणारी मंडळी बॅगेची तयारी चोख करतात आणि कॅलेंडर उघडायचं विसरतात. इथे फिरणं जमणार की फसणार, ते वार, लोकलची वेळ आणि भरती-ओहोटी या तिघांवर ठरतं. तेव्हा कागद घ्या आणि पहिल्या ओळीत लिहा: सोमवारी घारापुरी बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि आतली कान्हेरी लेणीही सोमवारी बंद. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद, आणि पेंग्विन बघायला निघालेली पोरं गेटवर ऐकून घेत नाहीत. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग मोठी असते. नवस नसेल तर दुसरा वार धरा.

रविवारी लोकलच्या मध्य आणि हार्बर मार्गावर दिवसा बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, पण रविवार वाया घालवू नका. माझं मत विचाराल तर फोर्ट बघायचा तो रविवारीच. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे. सीएसएमटीसमोर उभं राहून ती १८८८ सालची इमारत मान वर करून निवांत बघा, मग हुतात्मा चौकावरून चालत ओव्हल मैदानात या. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या दगडी गॉथिक इमारती, समोरच्या बाजूला गोलाकार गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं. मधल्या मैदानात क्रिकेट. या सगळ्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानलं. तिकीट नाही, रांग नाही, तरी बहुतेक पाहुणे इथे न येताच परत जातात.

घारापुरीला अर्धा दिवस तरी ठेवा. गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो, आणि उतरल्यावर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर हे घरीच सांगून टाका. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ती ओढून नेतात. परतीची शेवटची बोट कितीला आहे, ते जेट्टीवर पाय ठेवतानाच विचारून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहतात, म्हणून हा बेत डिसेंबर ते फेब्रुवारीत बसवलेला बरा. विदर्भातल्यांनी तेव्हाही जाड स्वेटर आणू नये. दुपारी घाम येतो, सुती कपडेच कामाला येतात.

हाजी अलीला जायचं असेल तर त्या दिवसाची भरतीची वेळ बघा. मोठ्या भरतीत दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे काल गेलेल्या पाहुण्याची वेळ तुमच्या कामाची नाही. पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर लाटा बघायच्या त्या कठड्यापासून लांब उभं राहून. फोटोसाठी कठड्यावर चढणाऱ्यांना पोलीस हाकलतात, ते बरोबरच करतात.

आता लोकल. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उलट दिशेला मुलाबाळांसह चढायचं नाही, एवढं एक पाळलंत तरी निम्मी तयारी झाली. इंडिकेटरवर गाडी स्लो की फास्ट आणि बारा डब्यांची की पंधरा, हे दोन्ही वाचा. बारा डब्यांची असेल तर फलाटाच्या टोकाला उभे राहिलेले धावत सुटतात. अंधेरीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टला हात लावू नका. आतले लोक चढताना बोलतील आणि उतरतानाही. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. चढल्यावर शेजाऱ्याला विचारा, ‘दादर कुठल्या बाजूला येणार?’ बाजू कळली की एक-दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरका. बायकांच्या डब्यात घरच्या बायका जाणार असतील तर उतरायचं स्टेशन आणि भेटायचा पूल आधीच ठरवा. दिवसभर चढ-उतार असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, खिडकीवर मागा.

रिक्षा माहीम आणि शीवच्या पुढे दक्षिणेला येत नाहीत. तिथून काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस नाहीतर मेट्रो. लॉज गेटवेजवळच हवा हा हट्ट सोडा, रेल्वे स्टेशनजवळचा बघा; प्रत्येकाचं आधार कार्ड जवळ असू द्या. डोंबिवलीला काकांकडे उतरणार असाल तर फास्ट लोकलनेही सीएसएमटीला तासाहून जास्त लागतो, म्हणजे सकाळी नऊला गेटवे वगैरे बेत करू नका. जून-जुलैत ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या पापलेटाच्या आशेवर येऊ नका.

आणि परतीच्या तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच वाचून थांबू नका. गाडी सीएसएमटीहून आहे, दादरहून, कुर्ल्याच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) की पनवेलहून, ते नीट बघा. निघायचं कुठून यावर शेवटच्या दिवशी काय बघायचं ते ठरवा.