हार्ट फेल्युअर: घरी काय बघायचं आणि गोळ्या कशा सांभाळायच्या

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, पंप कमजोर किंवा ताठर झालाय आणि पाणी मागे साचतंय, पायात, पोटात, फुप्फुसात. हे पाणी डोळ्याला दिसायच्या आधी बऱ्याचदा काट्यावर दिसतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

१. रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की काही खायच्या आधी, तोच काटा, तसेच कपडे, वजन करा आणि लिहून ठेवा. ३ दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर ते जेवण अंगी लागलेलं नाहीये, पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

२. नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा ५-१० सेकंद दाबून धरा. सोडल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे.

३. उशा मोजा. आधी एक पुरायची, आता तीन लागतात, किंवा रात्री दम लागून उठून बसावं लागतं, हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत, वय झालं म्हणून सोडून देतात. बसल्या जागी धाप लागली, गुलाबी फेसाळ थुंकी आली, चक्कर येऊन पडलं तर फोनाफोनी नको, सरळ हॉस्पिटल.

४. आता गोळ्या. टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्या, त्यांनी सूज आणि दम लवकर उतरतो म्हणून लोकांना त्याच खऱ्या वाटतात. पण इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे रिपोर्टवरचा EF, ४० टक्के किंवा कमी असेल तर आयुष्य वाढवणारी औषधं वेगळी: रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी), स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन. ही शेवटची मूळ शुगरची गोळी, शुगर नसली तरी देतात, त्यामुळे चुकून लिहिली असं समजून बंद करू नका. डोस थोडाथोडा वाढवतात, बीटा ब्लॉकरने सुरुवातीला थकवा येतो, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो, तसं झालं तर सांगा, बदलून मिळते. रॅमिप्रिलवरून सॅक्युबिट्रिलवर जाताना मध्ये ३६ तास गॅप लागतो, घरी उरलेली जुनी स्ट्रिप संपवायची म्हणून दोन्ही घेऊ नका, चेहरा-जीभ सुजू शकते.

५. पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी) रक्ततपासणी चुकवायची नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लघवीची गोळी घ्यायची की थांबवायची ते आधी विचारा.

६. गुडघे दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, त्याने पाणी परत साचतं. आणि ते लो-सोडियम मीठ, त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोननेही ते वाढतं, म्हणून ती गोळी चालू असताना विचारल्याशिवाय नको.